एक स्टार देणाऱ्या दादांना उत्तर : पाच महिने नाही, ५३ दिवस

नमस्कार दादा. रिव्ह्यू वाचला. रात्री साडेअकराला पोरीनं मोबाईलवर दाखवला, त्यानंतर झोप काय लागली नाही. आधी सॉरी म्हणतो. फोन उचलला नाही हे खरं आहे, बंदूक दुरुस्तीचं काम, लेथवर असलो किंवा हाताला तेल असलं की फोन खिशात वाजून वाजून बंद पडतो आणि नंतर लक्षात राहत नाही. ती चूक माझी, मनापासून माफी.

आता बाकीचं. तुम्ही लिहिलंय की आजोबांची जुनी मिलिटरी टाईप रायफल स्पोर्टिंग करायला, म्हणजे लष्करी घाट काढून हलकी-सुटसुटीत करायला दिली, पाच महिने लावले, बिल वाढवलं, सांगितलेलं काम केलं नाही, बोल्ट (गोळी आत ढकलणारा दांडा) जड झाला, पंधरा दिवसांत लाकडाला चीर गेली आणि शेवटी "सांगलीत ह्यांच्याकडं कुणी जाऊ नका". ते शेवटचं लागलं ओ. आमच्याकडं काय वडापावच्या गाडीसारखी रांग लागत नाही, महिन्याला चार-पाच बंदुका येतात, त्यातली निम्मी नुसती साफसफाईची. असल्या धंद्यात एक स्टार म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

तरी चीर, बोल्ट, बिल ह्यावर एकवेळ मी गप्प बसलो असतो, पण पाच महिने हा शब्द मला गिळवत नाही. आमच्या दुकानाला रजिस्टर ठेवावं लागतं, हत्यार कधी आत आलं कधी बाहेर गेलं सगळं त्यात असतं, तुमची सही पण आहे. रायफल माझ्याकडं आली २६ फेब्रुवारी २०२४ ला. लोकसभेची आचारसंहिता लागली १६ मार्चला. तुम्हाला पोलीस स्टेशनची नोटीस आली हत्यार जमा करा म्हणून, आणि २२ मार्चला तुम्ही स्वतः येऊन रायफल घेऊन गेला, लाकूड काढलेल्या अवस्थेत, नुसतं लोखंड, पोत्यात गुंडाळून. तेव्हा तुम्ही म्हणाला पण होता की फलाण्याला सूट मिळाली आणि मला नाही. ती सूट देणारा मी नव्हे ओ दादा. मतदान झालं ७ मेला, निकाल ४ जूनला, त्यानंतर बाकीच्या लोकांनी हत्यारं सोडवून आणली, तुमची सोयाबीनची पेरणी होती म्हणून तुम्ही आला २ जुलैला. काम घेऊन गेला ३० जुलैला. आता मोजा. एकूण १५५ दिवस, त्यातले १०२ दिवस रायफल पोलीस स्टेशनात नाहीतर तुमच्या घरात. माझ्याकडं ५३.

तुम्ही म्हणाल लोखंड नसलं तरी लाकूड तर तुझ्याकडं होतं, तेवढं करून ठेवायचं. इथंच लोकांना वाटतं सुतारकाम आहे, माप घेतलं की झालं. तसं नसतं. बंदुकीचं लाकूड मापावर बसवत नाहीत, त्या एका बंदुकीवरच बसवतात. लोखंडाला दिव्याची काजळी लावायची, लाकडात हळू दाबून बसवायचं, परत काढायचं, जिथं काळा डाग उमटला तेवढंच केसभर खरवडायचं, परत काजळी, परत बसवायचं. असं शंभर-दीडशे वेळा होतं. तुमच्या ॲक्शनला (गोळी आत घेऊन उडवणारी यंत्रणा) तर जास्तच, कारण ती ली एन्फिल्ड ह्या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीची, आणि तिच्यात गोळी सुटल्यावरचा मागचा सगळा धक्का पुढच्या लाकडाच्या मागच्या दोन छोट्या कडांवर येतो, त्या दोन्ही कडा लोखंडाला सारख्या टेकल्या पाहिजेत, एक टेकली आणि एक सुटली तर नेम पण भटकतो आणि लाकूड पण फाटतं. आता लोखंड पोलीस ठाण्यात आणि लाकूड माझ्या टेबलावर, तर काजळी काय मी माझ्या तोंडाला लावायची?

मार्चमध्ये मी अक्रोडाचं लाकूड बाहेरनं घडवून ठेवलं होतं, ओबडधोबड, आत हात लावला नव्हता. मग ते साडेतीन महिने तसंच पडलं, आणि परत हातात आलं ते नेमकं जुलैत. सांगलीचा जुलै तुम्हाला माहिती आहे, इथं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचं पाणी किती फूट झालं हे बघत लोक जेवतात. आमचं दुकान २०१९ ला बुडालंय, त्यामुळं जुलै लागला की निम्मा माल माळ्यावर चढवायचा हे एक वेगळंच काम असतं. त्या हवेत जवसाचं तेल वाळत नाही. मार्चमध्ये एक हात मारला की दुसऱ्या दिवशी दुसरा मारता येतो, जुलैत तीन-तीन दिवस बोट लावलं की चिकटतंय. तुमच्या लाकडाला सात हात मारलेत, गडबड केली असती तर चारात भागवून चकचकीत करून दिलं असतं, तुम्ही पाच स्टार दिले असते आणि पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगलं असतं. मिरजेत जाऊन बघा, तिथले सतारवाले मूळचे शिकलगारच, हत्यारांना धार-पॉलिश करणारी माणसं, त्यांच्याकडनंच माझ्या वडलांनी लाकूड घासायला शिकलं, तेव्हा वडील किर्लोस्करवाडीला टर्नर होते आणि रविवारी मिरजेला जाऊन बसायचे. पंढरपूरकडनं येणारा सतारीचा भोपळा वाळायला वेळ लागतो तर सतारवाल्याला कोण एक स्टार देत नाही.

असो. जरा जास्तच झालं.

सांगितलेलं काम केलं नाही, हे मान्य आहे, आणि ते मुद्दाम केलं नाही. तुम्ही मला परदेशातला व्हिडिओ दाखवला होता, त्यात तो माणूस रायफलीची नळी कापतो, वर भोकं पाडून दुर्बीण बसवतो आणि मावझर ह्या जर्मन रायफलीसारखा एकसंध लाकडी दस्ता घालतो. नळी आखूड करणं हे आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ६ खाली येतं, त्याच्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो माझ्याकडं नाही. हे मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही म्हणाला कुणाला कळतंय. आता तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय की "नळी कापून मागितली होती", म्हणजे आता सगळ्यांनाच कळलं. ते वाक्य तेवढं काढून टाका, तुमच्याच भल्याचं सांगतो. आणि "शिकारीची रायफल" पण लिहू नका, शिकार कायद्यानं बंद आहे, तुमचं लायसन्स पिकाच्या आणि स्वतःच्या रक्षणाचं आहे. तुमच्या शिवारात गवा येतो हे मला माहिती आहे, गव्याकडं नुसतं बघायचं, बाकी काय नाही.

एकसंध दस्ता तुमच्या रायफलीला बसतच नाही. ली एन्फिल्डचं लाकूड मुळातच दोन तुकड्यांत असतं, मधे लोखंडी सॉकेट असतं, मागचा दस्ता त्यात जाऊन आतनं लांब बोल्टनं (हा नटबोल्टातला बोल्ट, वेगळा) आवळतात. मावझरला ते सॉकेट नाही म्हणून तिथं एक तुकडा चालतो. आणि भोकं पाडायचं म्हणाल तर पाडता येतात, पण पाडलेलं भोक परत बुजत नाही. महायुद्धानंतर तिकडं लष्करातल्या सरप्लस रायफली ढिगानं स्वस्तात विकल्या जायच्या म्हणून लोकांनी बिनधास्त कापल्या, रंधल्या, स्पोर्टिंग केल्या, आणि आज तीच माणसं न कापलेली मिळंल का म्हणून शोधत फिरतात आणि जास्त पैसे मोजतात. तुमची तर ३१५ बोअर (नळीच्या भोकाचं माप) आहे. आपल्याकडं थ्री नॉट थ्री सिव्हिलियनला चालत नाही, लष्कराचा बोअर म्हणून, त्यामुळं ॲक्शन तीच ठेवून नळी आणि गोळी वेगळी असा हा ३१५ निघाला. म्हणजे ती आधीच स्पोर्टिंग रायफल आहे ओ. मी वरचं फालतू लाकूड उतरवलं, पुढचं आखूड आणि सडपातळ केलं, दस्त्याला तुमच्या खांद्याचं माप दिलं, पकडीला जाळी कोरली. माझ्या मते तेवढ्यातच ती शोभते. तुमचं मत वेगळं असू शकतं.

बोल्ट पुढं ढकलताना जड लागतो तो बिघाड नाही, ह्या ॲक्शनची स्प्रिंग बोल्ट बंद करतानाच आवळली जाते, आजोबांच्या वेळी पण तशीच होती, तुम्ही तेव्हा लहान असाल.

बिल : १८,५०० सांगितले होते, २१,००० झाले. वरचे २,५०० मागच्या रबरी पॅडचे आणि त्याच्या फिटिंगचे, खांद्याला लागतंय म्हणून तुम्हीच मागितलेला. पण आधी फोन करून आकडा सांगायला पाहिजे होता, ते राहिलं.

आता चीर. फोटो झूम करून बघितला. चीर पुढच्या लाकडाच्या अगदी मागच्या टोकाला आहे, सॉकेटजवळ. मी आरोप करत नाही, पण फोटोत मागच्या पॅडच्या दोन्ही स्क्रूवर ताजे ओरखडे दिसतायत आणि माझा स्क्रू ड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत बरोबर बसतो, असले ओरखडे माझ्याकडनं पडत नाहीत. दस्ता आवळणारा जो लांब बोल्ट सांगितला त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पत्र्यात अडकवलेलं असतं, सैल होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड न काढता मागनं तो बोल्ट फिरवला की चौकोनी टोक आतनं लाकूड उचकटतं, आणि चीर जाते नेमकी तिथंच. ह्यासाठीच बिलाच्या मागं पेनानं लिहून दिलंय, "दस्ता घरी खोलू नये". बिल फेकलं नसेल तर बघा. तुम्ही खोलला नसेल तर मी चुकलो, तसं सांगा, मी मान्य करीन. कदाचित माझ्याच कडा कमी टेकल्या असतील, जुलैत बसवलेलं लाकूड आहे, शंभर टक्के छातीवर हात ठेवून मी पण सांगू शकत नाही. कुठल्याही कारणानं असली तरी चीर मी फुकट भरून देतो.

फोनचं मी काहीतरी करतोय, दुपारी पोरगी कॉलेजातनं आली की दुकानात बसेल, ती उचलेल. आणि इथून पुढं काम घेताना तारीख लिहून देऊ, म्हणजे शक्य असेल तिथं.

तुम्ही आजोबांचं नाव घेऊन लिहिलं की त्यांच्या आठवणीचं वाटोळं केलं. जुनं लाकूड मी फेकलं नाही दादा. त्याच्या आतल्या बाजूला त्यांनी खिळ्यानं आपली अक्षरं कोरलीत, तुम्हाला माहिती नसणार, लाकूड उतरवल्याशिवाय ती दिसत नाहीत. कापडात बांधून माळ्यावर ठेवलंय, घेऊन जा. मी २२ मार्चलाच सांगणार होतो पण तुम्ही घाईत आणि रागात होता.

एवढंच करा की लवकर या. पुढची कुठली निवडणूक लागली की परत आचारसंहिता, परत नोटीस, परत तेच. त्याच्या आत रायफल आणली तर आठ दिवसांत देतो, पाऊस उघडला तर. येताना लायसन्स मूळ आणा, झेरॉक्स चालत नाही. सोमवारी बंद असतं.