सुई दिली म्हणजे नशेला हातभार लावला का? ‘एक पालक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना सुया बदलून देणाऱ्या केंद्रांवर मी लिहिलं होतं. त्यावर ‘एक पालक’ या नावाने आलेली तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: व्यसनी माणसाच्या हातात फुकट सुई ठेवणं म्हणजे त्याच्या नशेला हातभार लावणं. हाच पैसा व्यसनमुक्तीला द्यावा. आणि सुया द्यायच्याच असतील, तर निदान ‘जुनी आणा, नवी घ्या’ हा नियम तरी कडक पाळावा, नाहीतर त्या बागेत पडतात आणि मुलांच्या पायात जातात. तुमची ही भीती खरी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी हातभाराचं. या केंद्रात नशेचा पदार्थ मिळत नाही. येणाऱ्याच्या खिशात तो आधीच असतो, किंवा कुठून आणायचा हे ठरलेलं असतं. हेरॉइनची सवय लागलेल्याला काही तास ते मिळालं नाही, की अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. त्या अवस्थेत नवी सुई नाही म्हणून कोणी थांबत नाही. शेजारच्याची मागून घेतो, नाहीतर टोक बोथट झालेली कालचीच पुन्हा शिरेत घालतो. आज रात्री तो नशा करणार हे ठरलेलंच असतं. त्याच्या शिरेत दुसऱ्या कोणाचं रक्त जाणार का, एवढंच आपल्या हातात उरतं.

आणि ते रक्त जातं कसं, हे जवळून बघण्यासारखं आहे. शीर सापडली का हे कळायला दट्ट्या किंचित मागे ओढतात, तेव्हा सिरिंजमध्ये रक्त येतं. दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी थोडी जागा राहते आणि तिथे ते अडकतं. वरून सिरिंज रिकामी दिसते. अशा सिरिंजमध्ये हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचा विषाणू 63 दिवसांपर्यंत टिकू शकतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून चांगल्या केंद्रांत मधली जागा जवळजवळ नसलेल्या सिरिंजा ठेवतात. पाकिटात आणखीही वस्तू असतात: स्पिरिटचे बोळे, निर्जंतुक पाणी, पदार्थ विरघळवायचं इवलंसं भांडं, गाळणी. हे बघून लोकांचा राग आणखी वाढतो. पण दोघांच्या सुया वेगळ्या असल्या, तरी दोघांनी एकाच भांड्यातून ओढलं किंवा एकच कापूस वापरला, तर हिपॅटायटिस सी पसरू शकतो. या वाटेने तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो.

मी स्वतः अशा केंद्राच्या काउंटरमागे बसलेली आहे. नाव विचारायचं नाही, आद्याक्षरं आणि जन्मवर्ष मिळून केलेला कोड लिहायचा. वापरलेल्या सुयांना आपण हात लावायचा नाही, आणणाऱ्यानेच त्या जाड प्लास्टिकच्या डब्यात सोडायच्या. मग विचारायचं, किती लागतील? कुठे टोचता? आणि शेवटी, हात बघू का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. महिनोनमहिने मान खाली घालून पाकीट घेऊन जाणारा माणूस एक दिवस बाही वर करतो. कोपराच्या खळग्यात लालभडक, गरम, हात लावू न देणारं गळू असतं. तो दवाखान्यात गेलेला नसतो, कारण तिथे उपचाराआधी उपदेश ऐकावा लागेल हे त्याला ठाऊक असतं. इथे जखम धुऊन मिळते. मोठ्या डॉक्टरांकडे जायची गरज असेल, तर कोणीतरी सोबत जातं. बसल्या बसल्या एचआयव्हीची तपासणी होते, हिपॅटायटिस बीची लस मिळते. ओव्हरडोस होऊन श्वास थांबायला लागला तर वापरायचं नॅलॉक्सोन सोबत दिलं जातं आणि ते कसं द्यायचं हेही शिकवलं जातं.

व्यसनमुक्तीला पैसा द्या म्हणता, जरूर द्यावा. पण त्या दारापर्यंत माणूस पोहोचतो कसा, हेही बघा. सिएटलमध्ये झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा केंद्रात नव्याने येऊ लागलेले लोक कधीच न आलेल्यांपेक्षा पाचपट अधिक प्रमाणात उपचारांकडे वळलेले दिसले. ‘मला सोडायचंय’ हे माणूस त्यालाच सांगतो ज्याने आजवर त्याला हाकललेलं नाही. आणि या दोन गोष्टींत एक निवडायची गरजही नाही. हेरॉइनसारख्या पदार्थाऐवजी उपचार म्हणून देतात त्या मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारख्या पर्यायी औषधाने हिपॅटायटिस सीचा धोका साधारण निम्म्यावर येतो. त्याच्या जोडीला पुरेशा नव्या सुया मिळाल्या, तर तो जवळपास तीन चतुर्थांशाने कमी होतो. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला हा निष्कर्ष आहे.

आता तुमचा ‘जुनी आणा, नवी घ्या’ हा नियम. ऐकायला तो अगदी रास्त वाटतो आणि अनेक केंद्रांनी सुरुवात त्यानेच केली. अडचण प्रत्यक्षात येते. वापरलेली सुई जवळ सापडली तर पोलिसांच्या हाती पुरावा मिळतो, म्हणून अनेकजण ती वापरल्या जागीच टाकून येतात. रस्त्यावर झोपणाऱ्याची पिशवी चोरीला जाते. एखादी बाई ओळखलं जाण्याच्या भीतीने केंद्रात पाऊल टाकत नाही, तिच्यासाठी दुसरंच कोणी येतं. रिकाम्या हाताने आलेल्याला आपण रिकाम्या हाताने परत पाठवलं, तर शिक्षा म्हणून त्याला उसनी सुई मिळते आणि तिच्यासोबत कदाचित आजारही. कोकेन टोचणारे तर दिवसातून कितीतरी वेळा टोचतात, त्यांना मोजून दिलेल्या चार सुया दुपारपर्यंतही पुरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2030 साठी ठेवलेलं उद्दिष्ट दर माणशी वर्षाला 300 सुया-सिरिंजा असं आहे, ते याच हिशोबाने. म्हणून आता लागतील तितक्या द्याव्यात, जुन्या परत आणायला सतत सांगावं आणि त्यासाठी खिशात मावणारे डबे द्यावेत, अशी पद्धत अधिक चांगली मानली जाते. माझंही ठाम मत तेच आहे.

सुया मिळेनाशा झाल्या की काय होतं, हे आधी घडून गेलेलं आहे. 1984 मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका औषधाच्या दुकानाने सिरिंजा विकणं बंद केलं. हिपॅटायटिस बी पसरेल या धास्तीने नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने तिथे सुया वाटायला सुरुवात केली. या सेवेचा उगम असा आहे, ती वरून कोणी लादलेली योजना नव्हती. त्याच काळात एडिनबरामध्ये सिरिंजांची विक्री आवळली गेली होती आणि पोलीस त्या जप्त करत होते. तिथल्या एका दवाखान्यात तपासलेल्या हेरॉइन टोचणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं 1986 मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात स्कॉट काउंटी नावाचा ग्रामीण भाग आहे. तिथे 2015 मध्ये वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचणाऱ्यांत एचआयव्हीची साथ आली आणि लागण झालेल्यांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. गव्हर्नर माइक पेन्स यांचा सुया वाटण्याला विरोध होता, तरी आणीबाणी जाहीर करून त्यांनाच परवानगी द्यावी लागली. नवी लागण घटली. साथ ओसरल्यावर, 2021 मध्ये, तिथल्या लोकप्रतिनिधींनी ही सेवा बंद करायचा ठराव केला. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

राहिला बागेचा प्रश्न. केंद्र असलेलं सॅन फ्रान्सिस्को आणि त्या वेळी केंद्र नसलेलं मायामी, या दोन शहरांत संशोधकांनी रस्त्यांवर फिरून उघड्यावर पडलेल्या सुया मोजल्या. 2012 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात मायामीत त्या आठपट आढळल्या. यात नवल नाही. वापरलेली सुई कुठे न्यायची याची जागाच नसेल, तर ती झुडपात जाते. केंद्र असूनही एखादी सुई पडलेली दिसू शकते, हे मान्य. म्हणून परिसरात फिरून सुया गोळा करणारी माणसं आणि सार्वजनिक ठिकाणी टाकायचे डबे हे केंद्राच्या कामाचाच भाग असायला हवेत. तुमच्या भागात ते होत नसेल, तर ती मागणी करा, मी तुमच्यासोबत आहे.

आणि मुलाला सुई सापडलीच, तर तिला हात न लावता मोठ्या माणसाला बोलवायचं, हे आधीच शिकवून ठेवा. तुम्ही उचलताना टोपण परत लावायला जाऊ नका. जाड प्लास्टिकचा, झाकण असलेला डबा जमिनीवर ठेवा आणि चिमट्याने टोकाची बाजू आधी आत जाईल अशी सुई त्यात सोडा. टोचलीच, तर जखम पिळू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा. अशा पडलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता फार कमी असते. तरीही डॉक्टरांना प्रतिबंधक औषधं गरजेची वाटली, तर ती 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं. हिपॅटायटिस बीच्या लसीचंही तेव्हाच विचारा.