वाचक पाहिजे असतील तर आधी 'बळीराजा' सोडा

आपल्या वऱ्हाडातली पोरं मेसेज करतात, "दादा, एवढं लिहितो पण कोणी वाचतच नाही." वॉलवर जाऊन पाहिलं की निम्म्या पोस्टींत 'जगाचा पोशिंदा', 'बळीराजाचे अश्रू' आणि खाली हात जोडलेले इमोजी. माझं मत विचाराल तर हे सगळं आधी पुसून टाका. बळीराजा कोणी पाहिलेला नाही. तुमचा बाप तुम्ही रोज पाहता, त्याच्यावर लिहा.

दारव्ह्याकडचा एक पोरगा असंच लिहायचा, वाचणारे घरचे आणि मित्रच. मग एकदा त्यानं फक्त मायच्या कापूस वेचणीवर लिहिलं. सकाळी दव असतं तोवर बोंडाची वाळलेली टोकं जरा नरम असतात, उन्हं चढली की तीच नखाच्या कडेत घुसतात. म्हणून माय बोटांना चिंध्या बांधते. अन् सोडताना चिंधीला चिकटलेला कापूसही ओटीत टाकते, कारण मजुरी किलोवर. बस, एवढंच. हमीभाव नाही, सरकारला शिव्या नाहीत. ती पोस्ट पार परभणी-जळगावपर्यंत फिरली, आणि आपण बोटांना काय लावतो ते बायांनी खाली लिहिलं.

फेसबुकवर आधी दोन-चार ओळीच दिसतात, बाकी सगळं 'आणखी पहा'च्या मागे. त्या ओळी 'आज सहज मनात विचार आला' यात घालवू नका. चिंधी वर घ्या.

आता ओळखीपाळखीचं. पन्नास जणांना टॅग करणं म्हणजे लग्नाची पत्रिका चौकातल्या झाडाला अडकवणं. जेवायला कोणी येत नाही. दुसऱ्याचं वाचा आणि त्यात आपल्या पदरचं काही घाला. कोणी लिहिलं की ऐन फुलोऱ्यात तूर उभ्या-उभ्या वाळली, तर 'छान लिहिलंत सर' यानं त्याला काय मिळालं? मर रोगाची बुरशी जमिनीत राहते, त्याच वावरात दरसाल तूर घेतली की वाढत जाते. तुम्ही पीक फिरवून पाहिलं असेल तर काय फरक पडला ते सांगा. तो माणूस तुमचं नाव विसरत नाही.

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आपल्याला ठाऊकच आहे. तिथंच म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणी लिहायला घेतल्या, तेव्हा ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून त्या गोळा केल्या आणि स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पारखून घेतल्या. १२७८ च्या सुमाराचा 'लीळाचरित्र' हा मराठीचा आद्य गद्यग्रंथ असा माणसं गाठून उभा राहिला. आपल्या खिशात मोबाईल आहे, तरी शेजारच्या तालुक्यात कोण काय लिहितं याचा पत्ता नाही!

राहिला तुमचा स्वभाव. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा मुंबईत कीर्तनाला उभे राहिले तरी बोलायचे आपल्या वऱ्हाडीतच, आणि समोरच्यांनाच प्रश्न विचारायचे. आपली पोरं मात्र लिहायला बसली की पुण्याची होतात. याच्या उलटंही नको हं. ओळीओळीत 'काऊन बे' पेरून विनोदी वऱ्हाडी बनायचं, ते रील्समध्ये पुष्कळ झालं. घरी जेवढं बोलता तेवढंच लिहा.

वरूडकडच्या एक ताई आहेत, संत्र्याशिवाय दुसरं काही लिहीत नाहीत. आंबिया बहाराची फळगळ, पाण्याची पाळी, अख्खी बाग एकरकमी म्हणजे उक्ती मागायला येणारे व्यापारी. त्यांची शेवटची पोस्ट सुरू होते ती व्यापाऱ्याच्या प्रश्नानं, "भाऊ घरी नाहीत का?" यांचं उत्तर, "सातबारा माह्या नावावर हाये, बसा." पुढचा सगळा सौदा त्यांनी शब्दन्‌शब्द लिहिलाय, चहा किती वेळा पाजला तेही. त्यांना विचारून उद्या शेअर करतो.