एसी उतरवण्याआधी चोर्ल्याचा पाऊस आठवा

उन्हाळा सरला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मोबाइलवर एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं थोडक्यात असं: गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की तिचा एसी उतरवून टाका. लिटरमागे चार-पाच किलोमीटर वाढतात, इंजिन गरम होत नाही, बेळगावच्या हवेत एसी लागतोच कुठं, कुठलाही फिटर तासाभरात काढून देतो, गॅस हवेत सोडला तरी चालतो, जुन्या गाडीत तो परत भरून मिळतही नाही, आणि वर भंगाराचे पैसे येतात. ओळखीतल्या काहींनी हे वाचून खरोखरच एसी उतरवला, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. जुनी गाडी जपून चालवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, आणि असल्या सल्ल्यानं खिसा कापला जातो तो नेमका त्याचाच.

आधी मायलेज. एसी चालू असला की पेट्रोल जास्त जातं, यात वाद नाही. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन जेमतेम ३७ बीएचपीचं. त्यातले दोन-तीन एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरनं घेतले की चढाला गाडी दमणारच. पण मजकुरात तुलना केली आहे ती चालू एसीची आणि काढलेल्या एसीची. खरी तुलना बंद एसीशी करायला हवी. बटण बंद केलं की कॉम्प्रेसरच्या पुलीतला विजेवर चालणारा क्लच सुटतो. पट्टा पुली फिरवत राहतो, ती बेअरिंगवर मोकळी फिरते, आतला कॉम्प्रेसर थांबलेला असतो. त्यासाठी लागणारी ताकद नगण्य. उरलं वजन. छोट्या गाडीत एसीचं सगळं सामान मिळून वीस-पंचवीस किलो, म्हणजे मागच्या सीटवर बसलेलं एक शाळकरी पोर. तेवढ्यानं लिटरमागे चार-पाच किलोमीटर वाढत नाहीत. एवढा फरक कुणाला दिसलाच असेल तर टायरमधली हवा, स्पार्क प्लग, एअर फिल्टर यातलं काहीतरी त्याच वेळी सुधारलं असणार. नाहीतर एसी लावून गाडी चालवायची सवय सुटली असेल, आणि त्यासाठी पाना लागत नाही, बटण पुरतं.

शिवाय एसी नाही म्हणजे खिडक्या उघड्या. गावात त्या स्वस्तच पडतात. निपाणी ते बेळगाव हायवेला ऐंशीच्या वर गाडी गेली की आत शिरणारा वारा गाडीला मागं ओढतो, आणि बचतीतला काही वाटा तिथंच जातो.

इंजिन गरम होण्याचं खापर कंडेन्सरवर (एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) फोडणं सोपं आहे, कारण तो रेडिएटरच्या पुढ्यात बसतो. खानापूरच्या लाल मातीनं आणि किड्यांनी त्याच्या जाळ्या बुजल्या तर रेडिएटरला वारा कमी मिळतो, हे बरोबर. त्यावरचा इलाज आहे पाणी: मागून पुढं, बेतानं, पट्ट्या वाकणार नाहीत एवढ्याच दाबानं. जुनी गाडी तापते ती बहुतेक वेळा आतून गंजलेल्या रेडिएटरमुळं, अडकलेल्या थर्मोस्टॅटमुळं, मंदावलेल्या फॅन मोटरमुळं, नाहीतर वर्षानुवर्षं कूलंटच्या जागी नळाचं पाणी ओतल्यामुळं. एसी उतरवून यातलं एकही दुखणं बरं होत नाही. उलट ते लपतं, आणि पुढच्या घाटात हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) घेऊन जातं.

आता या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य. ‘बेळगावात एसी लागतोच कुठं?’ आपल्याकडंही लोक सहज म्हणतात, ‘ओ, आमच्या गावाला एसी कशाला पायजे!’ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, संध्याकाळी वारा सुटतो, त्यामुळं बोलणं पटतं. पण जिल्हा म्हणजे एकटं शहर नाही. अथणी-चिकोडीकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तरीही उन्हाळ्याचा मुद्दा मी बाजूला ठेवतो. उकाडा माणूस सोसतो. मला बोलायचंय ते पावसाळ्याबद्दल.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या रस्त्यानं जुलैत गोव्याकडं गेलेल्यांना माहीत आहे. कणकुंबीत मलप्रभेचा उगम आहे, आणि तिथून पुढं पाऊस आणि धुकं एकमेकांना सोडत नाहीत. आंबोलीकडं जा, तीच गत. बाहेर विशीतलं तापमान, हवा पाण्यानं भरलेली. गाडीत चार माणसं, भिजलेले कपडे, पायाशी ठिबकणाऱ्या छत्र्या. पावसामुळं काचा बंद. प्रत्येकाच्या श्वासातून ओलावा सुटतो आणि थंड काचेवर धरतो. दहा मिनिटांत समोरची काच दुधी होते. मग चालवणारा एका हातानं स्टिअरिंग धरतो आणि दुसऱ्या हातानं फडक्यानं काच पुसतो, त्याच क्षणी वळणावर समोरून ट्रक येतो. पुसलेली काच पुन्हा दुधी व्हायला दोन वळणंसुद्धा लागत नाहीत, आणि फडक्याचे ओघळ समोरच्या दिव्यांत चमकतात ते वेगळेच.

एसी इथं थंडीसाठी लावायचाच नसतो. त्याची कूलिंग कॉइल पाच-सहा अंशांच्या आसपास गार होते, हवेतला ओलावा तिच्यावर पाणी होऊन साचतो आणि गाडीखालच्या नळीतून रस्त्यावर गळतो. काचेवर येते ती कोरडी हवा, आणि काच मिनिटा-दोन मिनिटांत उघडते. जोडीला हीटर थोडा उघडला तर आतली माणसंही गारठत नाहीत. हवा बाहेरून आत घेणारी ठेवायची, आतल्या आत फिरणारी नाही, आणि झोत काचेवर. एक काळजी मात्र घ्यायची: फार गार झोत मारला तर काच बाहेरून धुकटते, तेव्हा वायपर फिरवून तापमान थोडं वाढवायचं.

नुसत्या हीटरनं काच उघडते का? उघडते, पण उशिरा, आणि आतली माणसं उकडून निघतात. जुन्या छोट्या गाड्यांच्या साध्या मॉडेलात तर हीटरही नसायचा. एसीही काढला तर त्या गाडीत काचेसाठी उरलं फक्त फडकं. गणपतीला कुटुंब घेऊन कोकणात किंवा गोव्याला जाणाऱ्या माणसाला ‘एसी काढ’ म्हणणं म्हणजे त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधणं आहे. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितोय.

‘गॅस सोडून द्या, विरून जातो.’ विरत नाही, वर जाऊन बसतो. जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा. ओझोनचा थर खाणारे जे वायू रोखायला १९८७ साली माँट्रियल करार झाला त्यांतलाच हा एक. भारत १९९२ मध्ये त्या करारात आला, आणि २०१० पासून या वायूचं नवं उत्पादन आपल्याकडं बंद आहे. नंतरच्या गाड्यांतला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट आहे. छोट्या गाडीत तो अर्ध्या किलोच्या आसपास असतो. तेवढा हवेत सोडणं म्हणजे जवळपास ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतकं नुकसान. आर-१२ असेल तर दोन हजार लिटरच्याही पुढं. इंधन वाचवा म्हणून सांगणाऱ्या मजकुरातच हा सल्ला यावा, याचा मला राग येतो.

धोका फिटरलाही आहे. हवेत मिसळून वर जाण्याआधी हा वायू हवेपेक्षा जड असतो, गॅरेजच्या खड्ड्यात साचतो आणि तिथली श्वासाची हवा बाजूला सारतो. नळी एकदम सोडली तर द्रव रूपात उडून कातडी आणि डोळे गोठवतो. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर ज्वाळेत तुटून विषारी धूर होतो. उद्यमबाग किंवा ऑटोनगर भागात काम देताना एकच प्रश्न विचारा: गॅस ओढून बाटलीत घ्यायचं मशीन आहे का? नसेल तर नळ्यांना पाना लावू देऊ नका.

‘तासाभरात निघतो.’ पुढचं सामान निघेलही, पण गाडी नीट राहणार की नाही हे गाडीवर ठरतं. काही गाड्यांत कॉम्प्रेसरला स्वतंत्र पट्टा असतो. तिथं काम सोपं. जिथं एकच लांब पट्टा अल्टरनेटर, वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंग आणि कॉम्प्रेसर असं सगळं फिरवतो, तिथं कॉम्प्रेसर काढला की त्याच्या जागी मोकळी पुली बसवावी लागते किंवा नेमक्या मापाचा आखूड पट्टा शोधावा लागतो. ‘जुळवून’ बसवलेला पट्टा घसरला तर बॅटरी चार्ज होत नाही आणि पाणी फिरत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत एसी लावल्यावर आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) वाढवणारी व्हॅक्यूमची बारीक नळी असते. ती उघडी सोडली की गाडी सिग्नलला थरथरते आणि बंद पडते, आणि मिस्त्री कार्ब्युरेटर खोलून बसतो. कूलिंग कॉइल तर ब्लोअरच्या वाटेतच असते. बऱ्याच गाड्यांत तिच्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि तिच्या जागी बंद डक्ट बसवला नाही तर ब्लोअरची हवा काचेपर्यंत पोचतच नाही. म्हणजे हीटर असूनही निकामी.

‘जुन्या गाडीत गॅस भरून मिळत नाही’ हे अर्धंच खरं आहे. आर-१२ आता मिळत नाही, आणि त्या नावानं कुणी बाटली दाखवलीच तर आत काय आहे याचा भरवसा नाही. पण अशी गाडी आर-१३४ए वर नेता येते. जुनं मिनरल तेल धुऊन काढायचं, नव्या गॅसला चालणारं एस्टर तेल घालायचं, ओलावा शोषणारा ड्रायर आणि जोडांवरच्या रबरी ओ-रिंगा बदलायच्या, भरण्याच्या तोंडांना नवे जोड बसवायचे. जुनी तोंडं आट्यांची असतात, नवी दाबून बसणारी. बॉनेट उघडून तुम्हीच ओळखू शकता. गॅस जुन्या मापाच्या ऐंशी-नव्वद टक्केच भरायचा. गारवा थोडा कमी पडतो. काचेसाठी तो भरपूर आहे.

आणि ज्या गाडीत मुळातच आर-१३४ए आहे, तिच्यात गॅस टिकत नसेल तर बहुधा फुटकी ओ-रिंग, भरण्याच्या तोंडातला सैल व्हॉल्व्ह किंवा सडलेला कंडेन्सर एवढंच निघतं. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस मारून घेणं, हा खरा पैशाचा नाश. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसानं गळती शोधायची, ड्रायर बदलायचा, निदान अर्धा तास व्हॅक्यूम लावून ओलावा काढायचा आणि गॅस वजन करून भरायचा. गारवा बघून अंदाजानं भरणाऱ्याला नको म्हणा. स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देणारा भेटला तर तिथून गाडी घेऊन निघा. अपघातात नळी फुटली तर तो गॅस पेट घेतो. हिवाळ्यातही महिन्यातून दोनदा दहा मिनिटं एसी चालवत जा. कॉम्प्रेसरच्या दांड्याच्या सीलला तेल मिळतं ते गॅसबरोबर फिरूनच, आणि ‘वापरला नाही म्हणजे टिकेल’ म्हणून बंद ठेवलेल्या एसीत तेच सील सुकून गळायला लागतं.

भंगाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अॅल्युमिनियमचे जे काय येतील ते येतील. पुढं गाडी विकताना ‘एसी नाही’ म्हणून भाव पाडला जातो, तो त्याहून जास्त असतो.

एसी उतरवणं कधीच योग्य नाही असं मी म्हणत नाही. कॉम्प्रेसर आतून जाम झालाय, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतोय आणि गाडी पावसात घाटात न्यायचीच नाही, तर जरूर उतरवा. तेव्हा फिटरकडून एवढं करून घ्या: गॅस बाटलीत, पट्ट्याची सोय कंपनीच्या मापानं, क्लचची वायर टेप लावून बांधलेली, आयडलच्या नळीला बूच, आणि कूलिंग कॉइल जागेवरच ठेवून तिची दोन्ही तोंडं पक्की बंद. उतरवलेला कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर तोंडं बांधून घरी न्या. तेच मॉडेल चालवणारा दुसरा कुणीतरी ते सामान शोधत असतो.