बोरू, फॉन्ट आणि लग्नपत्रिका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लग्नपत्रिकेत मोडीचा (मराठी लिहिण्याच्या जुन्या लिपीचा) फॉन्ट कसा वापरावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "मोडी ही हाताची लिपी. बोरूवाचून (काडीच्या लेखणीवाचून) मोडी नाही. फॉन्ट करून तुम्ही तिची शोभेची वस्तू केलीत, आणि वाचता तर कुणालाच येत नाही." तुमच्या घरी पणजोबांची मोडी पत्रं जपून ठेवली आहेत, तेव्हा ही तळमळ कुठून आली ते समजतं.

शेवटचा मुद्दा आधी मान्य करतो. मुहूर्त, तारीख, कार्यालयाचा पत्ता मोडीत छापू नये. लेखातला माझा नमुना तसा होता, ते चुकलं. आज तो बदललाय. वर वधूवरांची नावं मोडीत, ठसठशीत आकारात, आणि खालचा सगळा मजकूर बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत.

पण "बोरूवाचून मोडी नाही" हे पटत नाही. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० साली बंगालातल्या श्रीरामपूरला छापला गेला, तो मोडीच्या खिळ्यांनी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांनी. मोडी छापखान्यात शिरून दोनशे वर्षं उलटली.

छापताना हरवतं मात्र खरंच. बोरूनं आधी पानभर रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं, हात होईल तितका न उचलता. म्हणून तर मोडीतला काना देवनागरीसारखा वरून खाली येत नाही. तो खालून वर जाऊन रेघेला भिडतो आणि तिथूनच पुढचं अक्षर सुरू होतं. फॉन्टमध्ये ती अखंड रेघ नाही. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येतं, तुकडे शेजारी लागले की रेघ दिसते. "जरा मोकळं दिसू दे" म्हणून कुणी अक्षरांमधलं अंतर वाढवलं की रेघ तुटलीच. एका बंगल्याच्या पाटीवर मी हे पाहिलंय, घराण्याचं नाव सुटं सुटं लोंबत होतं. फार वाईट वाटलं.

तरीही फॉन्ट हवाच. २०१४ साली युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली आणि संगणकावर मोडी अक्षर नुसतं चित्र न राहता मजकूर झालं: टंकता येतं, शोधता येतं. शिवाय हातात प्रत्येक 'क' थोडा वेगळा उतरतो, फॉन्टमध्ये दर वेळी तोच. तुम्हाला त्यात निर्जीवपणा दिसतो. मला मोडी शिकायला वर्गात पहिल्या दिवशी बसलेला माणूस दिसतो. अक्षर ओळखीचं होईपर्यंत त्यानं रूप बदलू नये, एवढीच त्याची गरज असते. हाताचं वळण त्यानंतर.

आणि वळणं तरी किती! पेशवाईतच चिटणिशी, महादेवपंती, रानडी. एका फॉन्टमध्ये त्यांतलं एकच मावतं. तुमच्या पणजोबांचं कुठलं? पत्राच्या माथ्यावरचा 'श्री' आणि पहिली ओळ, एवढ्याचाच फोटो पाठवाल का? तीच ओळ फॉन्टमध्ये लावून दोन्ही शेजारी शेजारी छापतो.