वारा आडवा असण्यापेक्षा लहरी असणं वाईट
आडव्या वाऱ्यात, म्हणजे धावपट्टीला बाजूने छेदणाऱ्या वाऱ्यात, विमान उतरवण्यावरचा लेख चांगला आहे, पण विमान तिरकं उतरताना दिसलं म्हणजे वैमानिकाचा ताबा सुटला, हा त्यातला सूर पटला नाही. आडव्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे ठेवून येणं हीच रीत. चाकं टेकायच्या जेमतेम आधी रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवायचा. वारा एकसारखा असेल तर हे सरावाचं काम आहे.

खरी गोची होते ती वारा अचानक फिरला की. २ ऑगस्ट १९८५ ला अमेरिकेत डॅलसला डेल्टा या विमान कंपनीचं १९१ उड्डाण असंच गेलं, १३७ माणसं दगावली. वादळी ढगातून खाली कोसळणारा झोत, म्हणजे मायक्रोबर्स्ट, आधी समोरून लागतो. वेग वाढलेला दिसतो, म्हणून इंजिनाची शक्ती कमी केली जाते. काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येतो आणि विमान अक्षरशः खाली बसतं.

२००९ च्या नारिता (टोकियोचा विमानतळ) अपघातात फेडेक्सचं एमडी-११ हे मालवाहू विमान 'वाऱ्याने उलटलं' हे लेखातलं म्हणणंही अर्धवटच. वारा झोताझोताने येत होता हे खरं, पण विमान टेकून उसळलं, नाक खाली गेलं, पुन्हा उसळलं आणि शेवटच्या आपटीत डावा पंख मोडला. पहिल्याच उसळीला थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पुढे करून पुन्हा वर जायला हवं होतं.

आणि हो, विमान किती आडव्या वाऱ्यात उतरू शकतं याचा लेखात जो आकडा दिलाय तो बऱ्याच विमानांबाबत मर्यादा नसतो. चाचणीत तेवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवलं, इतकंच. ओल्या धावपट्टीसाठी विमान कंपन्या तो आणखी खाली आणतात.