शिबिर कधी सुरू होणार?

मेव्हण्याला कल्पना सुचली की आमच्या घरात कुणाच्या तरी डोक्याला ताप होतो, हे ठरलेलं. या खेपेला त्याने कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने आणली. "हॉटेल नको, बुकिंग नको. वाटेल तिथे थांबायचं," असं तो पुण्यात म्हणाला. आंबा घाटात काहीच म्हणाला नाही, कारण पोह्यांचा डबा त्याच्या डोक्यावर उघडला होता. स्वयंपाकघरातल्या खणांना कड्या असतात आणि त्या निघण्यापूर्वी लावायच्या असतात, हे आम्हाला तिसऱ्या वळणावर कळलं. चौथ्या वळणावर मिसळणाचा डबा आला. रत्नागिरीत उतरलो तेव्हा मला हळद लागलेली होती.

रात्री भाट्याला सुरूच्या बनाशेजारी गाडी लावली. पांढरीशुभ्र, लांबलचक, बाजूला निळा पट्टा. सकाळी सहाला बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन दार उघडतो तो समोर एक गृहस्थ डाव्या हाताची बाही दुमडून उभे.

"चहा झालाय माझा. चालतो ना?"

"कशाला?"

"रक्तदानाला!"

शिबिर नाही, आम्ही यात राहतो, हे सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"घर नाही काय?"

"आहे ना. पुण्यात."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर मी अजून शोधतोय.

नंतर थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि हा राजवाडा तयार झाला १९१० मध्ये. तोवर राजा बंगल्यात. राजवाड्यात जेमतेम सहा वर्षं काढून १९१६ मध्ये तो वारला. राजाला जागा मिळायला इतकी वर्षं लागली, तर आमच्या धुडाला पार्किंग मिळायला पाऊण तास लागला याबद्दल मी कुरकुर करू नये, असं बायकोचं मत पडलं.

आई म्हणाली, "मला जिने नकोत, मी गाडीत बसते." तिथेच घोळ झाला. आम्ही आत लाकडी कोरीवकाम बघून बाहेर येतो तर गाडीच्या पायरीवर एक आजी बसलेल्या, मांडीवर रिपोर्टांची फुगलेली फाईल. त्यांनी डोळे तपासतात का विचारलं होतं. आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं काढली आहेत. दारात आलेल्याला नुसतं परत पाठवणं तिला जमत नाही. "डोळे नाही, पण बीपी बघते," म्हणून तिने स्वतःचं मशीन काढलं होतं.

"दीडशे-नव्वद. लोणचं किती खाता?"

"दिसेल तेवढं."

आईने लोणचं बंद केलं, गोळी वेळेवर घ्यायला आणि डॉक्टरांना आकडा दाखवायला बजावलं. हिशेबाच्या वहीत नाव, वय, वरचं, खालचं असे रकाने आखलेले होते. आजींच्या मागे आणखी चौघं.

टिळक आळीच्या तोंडाशी गाडीने हात टेकले. लोकमान्यांचं जन्मस्थान आम्ही पाळीपाळीने चालत जाऊन पाहिलं. गाडीपाशी एकाला थांबावंच लागत होतं, रांग लावायला.

रत्नदुर्गाला मी एकटाच रिक्षाने सटकलो. घोड्याच्या नालेसारखा किल्ला, तीन बाजूंना समुद्र, भगवतीचं देऊळ, आणि बीपी विचारणारं कुणी नाही. अर्धा तास खरंच सुखाचा गेला. परतताना रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"त्या बीपीच्या गाडीतले ना तुम्ही?"

"नाही... म्हणजे हो."

"माझं एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. मावशी म्हणाल्या, सुके बोंबील कमी कर." मीटरचे पैसे मात्र त्याने पुरते घेतले.

मांडवीला सूर्यास्त बघायचा बेत होता. सूर्य झाला असावा अस्त. मी तेव्हा कुणाच्या तरी दंडाला पट्टा गुंडाळत होतो. मेव्हणा नंबर पुकारत होता, बायको वही लिहीत होती. सकाळचे रक्तदानवाले गृहस्थही आले. "मघाशी नाही म्हणालात ना?" एवढंच बोलून बाही दुमडून बसले. मशीनचे सेल संपले, तर रांगेतल्याच एकाने घरच्या टीव्हीच्या रिमोटातले काढून आणून दिले. कुणी ओल्या काजूगरांची पुडी ठेवून गेलं, कुणी कोकमं.

रात्री पुन्हा भाट्याला. वहीत ४१ नावं. मेव्हणा खणांना कड्या लावून झोपला, गाडी उभी असूनही. साडेअकराला दारावर थाप पडली. मी टॉर्च घेऊन उठलो. बाहेर एक माणूस, हातात दोरी, दोरीला शेळी.

"जनावरांची गाडी ना ही? कालपासून खात नाही बघा काही."

मी तोंड उघडायच्या आत मागून आईचा झोपाळलेला आवाज आला, "गोळी चालू आहे का तिला?"