गणपतीपासून आलेलं तोंड

"काही नाही गं ताई, तोंड आलंय जरासं," मामेभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला. कधीपासून? "गणपतीपासून असेल." आणि आम्ही बोलत होतो दिवाळीच्या फराळाबद्दल. चिवडा त्याला झोंबत होता.

‘तोंड येणं’ हा आपल्याकडचा फार सोशिक शब्द. जागरण झालं, पित्त झालं, उष्णता वाढली, की तोंड येतं आणि आठ-दहा दिवसांत जातंही. पण दोन महिने न भरलेला व्रण, खरवडून न निघणारा पांढरा चट्टा, त्याहून जास्त धोक्याचा मखमली लाल चट्टा, हे सगळं आपण त्याच शब्दात कोंबतो. सुरुवातीचा कर्करोग अनेकदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. भावाने निदान दाखवलं तरी होतं. डॉक्टरांनी दोनदा बी-कॉम्प्लेक्स आणि लावायला जेल दिलं. तोंडात बॅटरी मारून पाहिलं का? "नाही, मी सांगितलं ना तोंड आलंय म्हणून."

त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर जप्त केलेल्या गुटख्याच्या पोत्यांचा फोटो आला आणि नेहमीची जुंपली. काका म्हणतात बंदी हा हप्त्यांचा धंदा, चुलतभाऊ म्हणतो विकणाऱ्याला आत टाका. हा वाद मी इंग्लंडमध्ये लेस्टरला बसून गेली बारा वर्षं वाचतेय. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटखाबंदी केली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा केली आणि तेव्हापासून दरवर्षी नव्याने काढतात. बंदी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण सुपारी, चुना आणि साधी तंबाखू वेगवेगळी उघड मिळते, टपरीवर घोटली की झाला मावा. आणि ‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांना कोण सांगणार की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय? सुपारीने गालाची आतली कातडी चिवट, पांढुरकी होत जाते. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड पुरतं उघडत नाही.

इथे मला तंबाखूवर भाषण कोणी दिलं नाही. मी दाढ दुखते म्हणून गेले होते. डेंटिस्टबाईंनी दाढ पाहिली, मग गॉजच्या तुकड्यात जिभेचं टोक धरून ती डावीकडे ओढली, उजवीकडे ओढली, कडा पाहिल्या. जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा पाहिली. गालांच्या आत आरसा फिरवला, शेवटी जबड्याखाली आणि मानेत गाठ चाचपली. दोन-तीन मिनिटं. "काय शोधताय?" "काहीच सापडू नये म्हणून बघतेय." कारण न कळणारा व्रण तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर इथे कर्करोगाच्या शंकेने तातडीने पुढे पाठवायचा विचार करतात.

म्हणून इकडचं सगळं गोड, असं मुळीच नाही. सरकारी दरात पेशंट घेणारा डेंटिस्ट मिळणं म्हणजे हल्ली लॉटरीच. सिगारेट-दारू इथली तोंडं नासवतातच, आणि आमच्या बेलग्रेव्ह रोडवर पान-सुपारी मिळतेच. आपण माणसं देश बदलतो, चंची बदलत नाही.

शिवाय नुसतं तोंड बघून जीव वाचतात, हे सिद्ध केलं ते केरळने. तिरुवनंतपुरमच्या रिजनल कॅन्सर सेंटरने १९९६ पासून सुमारे १ लाख ९० हजार लोकांचा अभ्यास केला. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंडं तपासली. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. यंत्र नाही, सुई नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमातही तिशीपुढच्यांची तोंडतपासणी आहे, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अशी तपासणी कधीतरी झालेले देशात शंभरात जेमतेम एक निघाले. आबांसारखा, म्हणजे आर. आर. पाटलांसारखा नेता २०१५ मध्ये याच रोगाने गेला, तेव्हा राज्य हळहळलं. पण आपलं तोंड आरशात किती जणांनी पाहिलं? ग्रुपवर यावर भांडायला मात्र कोणी तयार नाही. पोत्यांचा फोटो निघतो, गालाच्या आतला कोण काढणार?

भावाच्या मुलीने काढला. मोबाइलची बॅटरी लावून, चमच्याने गाल बाजूला धरून. डावीकडे, जिथे तो तंबाखूचा बार धरतो तिथेच, दह्याच्या सायीसारखा चट्टा. पुढच्या आठवड्यात तुकडा काढून तपासायला दिला. कर्करोग नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढला. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं.

जानेवारीत घरी गेले तेव्हा जेवणं झाल्यावर, तोंड पुरतं उघडतं का ते बघायला, मी सगळ्यांना तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालायला लावली. मामींची सहज गेली, हसून हसून पुरेवाट झाली. भाच्याची गेली. बंदीवर सगळ्यात जोरात बोलणाऱ्या काकांची दोनच गेली. "माझी बोटंच जाड आहेत," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.